पुण्यातून परदेशी लिलाव: सोमवारची सकाळ, चावीचं घड्याळ आणि तांब्या

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारच्या संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ आणि पुण्यात सोमवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग हाच हिशेब साडेसातचा. ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या साइटवरचा लिलाव ज्या मिनिटाला सुरू होतो, ठरलेल्या दिवसांनी त्याच मिनिटाला बंद होतो. म्हणजे सात दिवसांचा लिलाव तिकडच्या रविवारी रात्री संपायला हवा असेल, तर तो इथे सोमवारी सकाळी पहिल्या चहाच्या वेळी सुरू व्हायला हवा. दुपारी जेवण करून दोन वाजता लावलेला लिलाव न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात पहाटे साडेचारला संपतो, आणि त्या वेळी तिथे जागी असतात ती तान्ही बाळं आणि त्यांचे आईबाप. सुरू होण्याची वेळ आधीच नेमून ठेवता येते, गजर लावायची गरज नाही.

‘ईबे भारतातून गेलं ना?’ हा प्रश्न हमखास येतो. गेली ती देशातल्या देशात विकायची साइट. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन ईबे इथे आलं, २०१७ मध्ये तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती साइट बंद झाली. भारतात बसून अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकाला विकायचा रस्ता उघडाच आहे. फरक एवढाच, की या रस्त्यावर तुम्ही कायद्याच्या नजरेत निर्यातदार असता, माळ्यावरचं सामान काढणारे गृहस्थ नसता. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची कागदपत्रं जाचक वाटत नाहीत. निदान कमी वाटतात.

लिलाव कशाचा लावायचा

ज्याचा भाव तुम्हाला ठाऊक नाही आणि ज्याच्यासारखं दुसरं बाजारात सहज मिळत नाही, त्याचाच लिलाव. तांबट आळीतून घेतलेले एकसारखे पंधरा नवे तांबे लिलावात टाकणं म्हणजे स्वतःच स्वतःचा भाव पाडणं. पहिल्या आठवड्यात हुकलेला गिऱ्हाईक दुसऱ्या आठवड्याची वाट बघतो, बोली वाढवत नाही. असा माल ठरलेल्या किमतीला लावावा. लिलावाला शोभतात जुनी चावीची घड्याळं, फाउंटन पेनं, पोस्टाची तिकिटं आणि पहिल्या दिवसाची पाकिटं, कॅमेऱ्याची भिंगं, रेकॉर्डी, सिनेमाची मूळ पोस्टरं. यातलं बरंच बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अजूनही निघतं. सुरुवात हलक्या आणि न फुटणाऱ्या वस्तूंनी करावी. पहिल्या दहा विक्रीत काचेचं झुंबर नको.

भाव समजून घ्यायला साइटवर ‘सोल्ड’ची खूण लावून शोधायचं. मागितलेल्या किमती बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण मागायला कोणीही काहीही मागतो. खरोखर किती डॉलरला गेलं, किती बोल्या पडल्या आणि वस्तूची अवस्था कशी होती, या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. गेल्या तीन महिन्यांत तशी एकही वस्तू विकली गेलेली नसेल, तर ती दुर्मिळ असेल किंवा कोणालाच नको असेल. बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं.

बोली कशी चालते हे विक्रेत्याला नीट कळलेलं असावं. समजा, घड्याळ २० डॉलरपासून लावलं. पहिल्यानं आपली कमाल बोली ६० डॉलर देऊन ठेवली, तरी पाटीवर २०च दिसतात. दुसऱ्यानं ४५ टाकले की भाव एकदम ४६ होतो आणि पहिलाच पुढे राहतो, कारण २५ ते १०० डॉलरच्या पट्ट्यात एका पायरीची उंची एक डॉलर असते. शेवटच्या पाच सेकंदांत तिसरा ७५ टाकतो, भाव ६१ वर थांबतो आणि घड्याळ त्याचं होतं. म्हणजे किंमत ठरली ती हरलेल्या माणसाच्या कमाल बोलीनं. पहिल्याखेरीज कोणी आलंच नाही, तर घड्याळ २० डॉलरला गेलं, आणि ते द्यावंच लागतं. म्हणून सुरुवातीची बोली ९९ सेंट ठेवायचा सल्ला फक्त खूप मागणी असलेल्या वस्तूला लागू. ज्याला जगात पंधराच गिऱ्हाइकं आहेत, त्याची सुरुवात ‘एवढ्याला गेलं तरी झोप लागेल’ अशा आकड्यापासून करावी. छुपी राखीव किंमतही ठेवता येते, पण त्याचं शुल्क वस्तू विकली नाही तरी जातं आणि ‘राखीव किंमत गाठली नाही’ हे वाचून निम्मे लोक निघून जातात. आपल्या लिलावात मेव्हण्याला बोली लावायला सांगायची कल्पना अनेकांना सुचते. ती सुचली की लगेच सोडून द्यावी. पत्ते, फोन, संगणक जुळवून असे प्रकार पकडले जातात आणि खातं बंद होतं.

काय पाठवायचं नाही

इथे चूक झाली तर प्रकरण वाईट प्रतिक्रियेवर भागत नाही. पुरावशेष व कलानिधी कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कारागिरीच्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. म्हणजे शिवराई गेली, पेशवाईतलं पळीपंचपात्र गेलं, आजोबांच्या कपाटातली पोथीही गेली. राजा रविवर्मांची चित्रं कलानिधी म्हणून वेगळी संरक्षित आहेतच, पण मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या जुन्या ओलिओग्राफांनाही, म्हणजे रंगीत छापील चित्रांनाही, शंभरीची अट तपासावी लागते. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असून जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. तो न घेता जाहिरातीत ‘अँटिक, दीडशे वर्षं जुनं’ असं दडपून लिहिणारे महाभाग बरेच आहेत. वस्तू साठ वर्षांची असते, पण कस्टमच्या अधिकाऱ्यानं तुमचंच वाक्य तुम्हाला वाचून दाखवलं की काय उत्तर देणार?

हस्तिदंत, कासवाची पाठ, मोराची पिसं, वन्य प्राण्याचं कातडं हे सगळं बाद, मग ते सुरीच्या मुठीला किंवा पेटीच्या कोपऱ्याला का असेना. शिसवी वस्तूंना साइट्स, म्हणजे संकटातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम लागतात. लिथियम बॅटरी, अत्तर, तेल विमानाच्या टपालात जात नाही. नकली ब्रँड नको, आणि सिनेमाच्या पोस्टरची नवी छपाई ‘मूळ’ म्हणून तर नकोच.

कागद

क्रम असा ठेवला तर फेऱ्या वाचतात: पॅन, चालू खातं, आयईसी, जीएसटी, एलयूटी, एडी कोड. आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो, आधारच्या ई-सहीनं अर्ज होतो आणि क्रमांक तुमचा पॅनच असतो. अडतं ते नावावर. पॅनवर वडिलांचं नाव मधे पूर्ण, बँकेत नुसती आद्याक्षरं, आधारवर आडनाव आधी, हा आपल्याकडचा घरोघरीचा प्रकार. अर्जाआधी तिन्हीकडे नाव अक्षरशः एक करून घ्या. आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये, काहीही बदललं नसलं तरी, आयईसीची माहिती ऑनलाइन पक्की करावी लागते. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि ते कळतं नेमकं पार्सल अडकल्यावर.

निर्यातीवर जीएसटी शून्य दरानं लागतो, पण नोंदणी हवी. एलयूटी, म्हणजे हमीपत्र, आरएफडी-११ या नमुन्यात दर आर्थिक वर्षासाठी नव्यानं भरायचं. ते नसेल तर आधी कर भरा, मग परताव्याच्या मागे लागा. एडी कोड हा बँकेनं द्यायचा चौदा आकडी क्रमांक. परकीय चलनाचं काम सगळ्या शाखा करत नाहीत, तेव्हा कोपऱ्यावरच्या शाखेत अर्धा दिवस घालवण्याआधी फोन करून विचारावं. जुन्या बाजारात पावती मिळत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून खरेदीचं आपलंच व्हाउचर त्याच दिवशी करायचं: तारीख, वस्तू, रक्कम, शक्य तर विकणाऱ्याची सही.

जाहिरात: एका घड्याळाची

उदाहरण म्हणून एचएमटीचं चावीचं घड्याळ घेऊ. जगभरच्या घड्याळशौकिनांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रूढ आहे आणि तो कौतुकाचा नाही. भारतातून येणारी, तबकडी भडक रंगात पुन्हा रंगवलेली, तीन घड्याळांचे भाग जोडून एक केलेली घड्याळं त्यांनी एवढी पाहिलीत, की विक्रेत्याच्या नावाखाली ‘इंडिया’ दिसलं की हात आखडतो. तुमच्याकडच्या डागाळलेल्या मूळ तबकडीला नव्यानं रंगवलेल्या चकचकीत तबकडीपेक्षा जास्त बोली येते ती यामुळेच. घड्याळ विकण्याआधी ‘जरा चमकवून’ घेऊ नका.

तबकडी मूळ आहे की नाही हे दहापट भिंगातून दिसतं. अक्षरांच्या कडा तुटक किंवा जाड आहेत का, मिनिटांच्या रेघा कडेला सारख्या अंतरावर थांबतात का, काट्यांच्या बुडाशी रंग साचलाय का, हे बघा. पुन्हा रंगवलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा. मग मोजमापं: केसचा, म्हणजे बाहेरच्या डबीचा, व्यास चावी सोडून, किती मिलिमीटर, पट्टा बसतो ती रुंदी, बहुधा १८ मिलिमीटर, काच खरवडली आहे का. पूर्ण चावी देऊन घड्याळ चोवीस तास चालवा आणि किती मिनिटं पुढे-मागे गेलं ते लिहा. सर्व्हिसिंग कधी झालं ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ लिहा, ‘उत्तम चालू’ नको. मागचं झाकण उघडून यंत्राचा फोटो दिलात तर निम्मे प्रश्न येतच नाहीत.

शीर्षकाला ऐंशी अक्षरं मिळतात. त्यात ‘ब्यूटिफुल’, ‘रेअर’, ‘वॉव’ कोणी शोधत नाही. ब्रँड, मॉडेल, चावीचं की ऑटोमॅटिक, व्यास, दशक, तबकडीचा रंग, एवढ्यानं ती भरतात. फोटो चोवीसपर्यंत देता येतात, लांब बाजू १६०० पिक्सेलची ठेवा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड, खाली पांढरा कागद. चकाकणाऱ्या वस्तूत तुमचा मोबाइल आणि मागचा सदरा दिसतो, तेव्हा खिडकीवर बटर पेपर चिकटवा. शेजारी सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असलेली पट्टी ठेवा. रुपयाचं नाणं ठेवून उपयोग नाही, टेक्ससमधल्या माणसाला त्याचा आकार काय ठाऊक? प्रत्येक दोषाचा वेगळा, जवळून काढलेला फोटो हवा. लपवलेला ओरखडा परतीचा खर्च घेऊन परत येतो.

अटींच्या जागी पुणेरी पाटी लावायचा मोह आवरावा. ‘माल परत घेतला जाणार नाही, उगाच चौकशी करू नये’ याचं इंग्रजी भाषांतर तिकडे विनोद म्हणून वाचलं जात नाही. शिवाय त्याचा काही उपयोगही नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर गिऱ्हाइकाला तक्रारीचा हक्क असतोच, पाटी काहीही म्हणो. तांब्या-पितळेच्या भांड्यांखाली ‘यातलं पाणी प्याल्यानं थायरॉइड बरा होतो’ छापाची वाक्यं तर अजिबात नकोत, असे वैद्यकीय दावे जाहिरात काढून टाकायला पुरेसे असतात. त्यापेक्षा आतून कल्हई आहे की नाही हे लिहा.

तांब्या बांधताना

हाताने मठारलेला, ६०० ग्रॅम वजनाचा तांब्या. उंची १४ सेंटिमीटर, पोट १३. तो बांधून २० × २० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात बसतो. कुरियरवाले घनफळाचं वजन काढतात: २० गुणिले २० गुणिले २०, भागिले ५०००, म्हणजे १.६ किलो. खोका-पॅकिंगसह खरं वजन ९०० ग्रॅम भरलं तरी पैसे १.६ किलोचे, आणि पुढच्या टप्प्याला पोचवून बरेचदा २ किलोचे. तोच तांब्या २५ च्या खोक्यात घातलात तर घनफळाचं वजन ३.१२५ किलो होतं. जाहिरात लावल्यानंतर नव्हे, लावण्याआधी वस्तू बांधून, मोजून, वजन करून ठेवायची ती यासाठी. पाच ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा तपकीर गल्लीत मिळतो. खोके, बबल, टेप यांसाठी बोहरी आळी आहेच.

तांब्याला आधी मऊ पांढऱ्या कागदात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, शाईचे ठसे मठारलेल्या खळग्यांत बसतात आणि घासून निघत नाहीत. हात लावताना सुती हातमोजे घाला, नाहीतर बोटांचे ठसे तीन आठवड्यांच्या प्रवासात काळे पडतात. मग पिशवी, तिच्यात सिलिका जेलची पुडी. पुण्यात जून ते सप्टेंबर पुठ्ठासुद्धा ओलावा धरतो, म्हणून खोके जमिनीवर रचून ठेवू नयेत. भांड्याच्या आतही कागद भरा, कारण चेपतं ते तोंडाच्या कडेला. बबलचे दोन थर द्या, सहाही बाजूंनी निदान तीन सेंटिमीटर मऊ भरण आणि खोका पाच पदरी. बंद करून कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. शेवटी तीन फुटांवरून तीनदा खाली टाका. जीवावर येतं, पण वाटेत याहून प्रेमानं कोणी वागवत नाही.

रेकॉर्ड पाठवताना ती मुखपृष्ठातून बाहेर काढून, साध्या पाकिटात, मुखपृष्ठाच्या मागे ठेवतात. आत ठेवली तर धक्क्यानं कडेचा जोड फाटतो. पोस्टाची तिकिटं ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, पाकिटात, दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये.

टपाल, कुरियर आणि तिकडचे कर

टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांतून निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं. घरी लेबल छापून पार्सल नेऊन द्यायचं, कस्टमचं काम परदेशी टपाल कार्यालयात कागदाशिवाय होतं. चौकशीचं पहिलं ठिकाण साधू वासवानी चौकातलं जीपीओ. हलक्या वस्तूंना ट्रॅकिंग असलेलं पाकीट परवडतं, जड किंवा महाग वस्तूला स्पीड पोस्ट नाहीतर कुरियर. ट्रॅकिंग नसलेलं स्वस्त पाकीट हा पाच डॉलर वाचवून पन्नास घालवायचा खात्रीचा मार्ग. ‘मिळालं नाही’ अशी तक्रार आली की पोचल्याची नोंद दाखवावी लागते, आणि एकूण ७५० डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या ऑर्डरला सहीसुद्धा.

विकलेला माल कुरियरनं जातो तो सीएसबी-५ या कुरियर शिपिंग बिलावर. परकीय व्यापार धोरण २०२३ नं त्याची मर्यादा ५ लाखांवरून १० लाखांवर नेली होती, आपल्या मालाला तीही भरपूर होती. सीएसबी-४ नमुने आणि भेटवस्तूंसाठी आहे. काउंटरवर कोणीतरी ‘गिफ्ट लिहा हो, सोपं पडतं’ असं सांगतंच. लिहू नका. बँकेत निर्यातीचे डॉलर येणार आणि समोर निर्यातीचा कागद नाही, हे गणित नंतर कोणीच सोडवून देत नाही. गिऱ्हाईकही किंमत कमी लिहायची गळ घालतात. त्याला नम्र नकार द्यायचा. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते, हे कारण त्यांना पटतं.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टमसाठीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नीट शोधा. नकली दागिने ७११७, तांब्याची घरगुती भांडी ७४१८, शाली-स्कार्फ ६२१४, पोस्टाची तिकिटं ९७०४. वर्णनात ‘हँडिक्राफ्ट’ एवढंच लिहिलेलं पार्सल उघडलं जातं. ‘तांब्याचं पाण्याचं भांडं, हाताने मठारलेलं, एक नग’ असं इंग्रजीत लिहा.

युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट १ जुलै २०२१ पासून साइटच गिऱ्हाइकाकडून घेते आणि तुम्हाला आयओएसएस क्रमांक देते. तो टपालाच्या किंवा कुरियरच्या ऑनलाइन माहितीत भरायचा. राहिला तर गिऱ्हाइकाला दारात पुन्हा कर भरावा लागतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियात १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत वसुली साइटकडेच आहे. शिवाय १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात नव्या उत्पादन-सुरक्षा नियमांनुसार तिथला जबाबदार प्रतिनिधी दाखवावा लागतो. नवशिक्यानं युरोप काही महिने बंद ठेवला तरी चालेल.

अमेरिकेचं चित्र पार बदललं. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलाला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. त्या धांदलीत टपाल खात्याला तिकडची पार्सलं थांबवावी लागली, ती १५ ऑक्टोबरपासून सुरू झाली. आता टपालानं पाठवताना तिकडचा कर इथेच, नोंदणी करतानाच भरायचा. दर वारंवार बदलतात, त्यामुळे गेल्या महिन्याच्या आकड्यावर टपालखर्च ठरवला की नफा तिथेच संपतो. लिलाव लावण्याच्या दिवशी दर बघायचा.

पैसे

भारतीय विक्रेत्याचे पैसे पेयोनियर या पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत बँकेत येतात. नव्या खात्याला महिन्याला किती नग आणि किती डॉलरचा माल लावता येईल यावर मर्यादा असते, आणि सुरुवातीला माल पोचेपर्यंत पैसे रोखून ठेवतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं टपाल-पॅकिंग खिशातून करायची तयारी हवी.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ, डॉलर ८५ रुपये धरून. वस्तू ४० डॉलरला गेली, गिऱ्हाइकानं टपालाचे २० दिले, एकूण ६०. कमिशन फक्त वस्तूवर नसतं, टपालासकट सगळ्या रकमेवर असतं, आणि गिऱ्हाइकानं भरलेल्या करावरसुद्धा. सगळं मिळून १५ टक्के धरले तर ९ गेले. उरलेल्या ५१ मधला एक डॉलर चलन बदलताना जातो. हातात ५० डॉलर, म्हणजे ४,२५० रुपये. वस्तूचे १,२००, टपालाचे १,८००, पॅकिंगचे १५०. राहिले १,१००. अमेरिकेचा कर यात धरलेला नाही. दहातलं एक पार्सल हरवलं आणि भरपाई मिळाली नाही, तर त्याचे ३,१५० रुपये बाकीच्या नवांच्या ९,९०० मधून जातात. मग पार्सलामागे पडतात जेमतेम पावणेसातशे. ज्या वस्तूत हा हिशेब बसत नाही ती लिलावात लावायचीच नाही.

शिपिंग बिलावर ६० डॉलर आणि बँकेत ५० आले, की बँक फरकाचं कारण विचारते. दर महिन्याचं साइटचं कमिशनचं विवरण, पेयोनियरचा दाखला आणि शिपिंग बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवा. वर्षअखेरीला शोधायला बसलात तर सीएचे पैसे नफ्याहून जास्त होतील.

बिनसतं तेव्हा

जिंकणारा पैसे देत नाही, हे होतंच. चार दिवस थांबून ऑर्डर रद्द करता येते, कारण म्हणून ‘गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत’ हेच निवडायचं. ‘माल शिल्लक नाही’ निवडलं तर डाग तुमच्या खात्यावर लागतो. मग हरलेल्याला ‘सेकंड चान्स’ पाठवा, त्याच्याच कमाल बोलीला. तो लिलावानंतर साठ दिवसांपर्यंत पाठवता येतो, पण दोन दिवसांत पाठवलात तरच गरम असतो.

‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार आली की तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि परतीचा खर्च विक्रेत्याकडे असतो. ओहायोहून पुण्याला पार्सल परत आणायला वस्तूच्या किमतीहून जास्त लागतात, शिवाय इथल्या कस्टमला आपलाच माल आपल्याला परत येतोय हे पटवून द्यायचं. ३०-४० डॉलरच्या वस्तूत थोडे पैसे परत देऊन मिटवणं स्वस्त पडतं. वाद घालायचाच असेल तर तो आधी काढलेल्या फोटोंनी घालायचा. खोका बंद करण्याआधीचे दोन फोटो आणि काट्यावरच्या वजनाचा एक, एवढी सवय पुरते.

माल पाठवायला तीन कामकाजाचे दिवस लिहा, एक लिहू नका. सप्टेंबरच्या सुमाराला कॅलेंडरही बघून ठेवा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता चोवीस तासांहून जास्त काळ मिरवणुकीच्या ताब्यात असतात, आणि पेठेतून पार्सल घेऊन बाहेर पडणं ढोलपथकालाही जमत नाही. त्या आठवड्यात लिलाव संपू देऊ नका, नाहीतर आधीच ‘टाइम अवे’ ही साइटवरची सुट्टीची सोय लावा आणि परतीची तारीख दोन दिवस पुढची टाका.